प्रस्तावना : शून्य आणि निरंक

मराठी शासनव्यवहारात ‘सर्वेक्षण’ हा एकच शब्द दोन अगदी निराळ्या कामांसाठी वापरला जातो, आणि प्रस्तुत पुस्तकाचा विषय समजून घेताना पहिली अडचण तिथेच येते. एखाद्या गावातील घरे, विहिरी किंवा पाच वर्षांखालील मुले एकदा मोजून तक्त्यात भरणे हे सर्वेक्षण; आणि एखादा रोग त्या गावात कोणाला, केव्हा आणि कुठून होतो आहे, यावर आठवड्यामागून आठवडे, रोग असो वा नसो, नजर ठेवून बसणे हेही सर्वेक्षणच. पहिल्या कामाला शेवट असतो, अहवाल छापला की ते संपते. दुसऱ्याला शेवट नसतो, आणि ज्या दिवशी ते संपले असे कोणी समजतो त्याच दिवसापासून ते बिघडू लागते. ‘पाळत’ या शब्दाला पोलिसी वास आहे आणि ‘पाहणी’ फार तात्पुरती वाटते. त्या मानाने ‘टेहळणी’ हा जुना शब्द अर्थाला अधिक जवळचा आहे, कारण बुरुजावरच्या टेहळ्याला वर्षातील बहुतेक दिवस काहीच दिसत नसे, तरीही त्याचे तिथे उभे असणे हेच काम मानले जाई. परंतु शासनाने ‘एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम’ असे नाव रूढ केले असल्याने इथेही तोच शब्द कायम ठेवला आहे. वाचकाने मात्र तो टेहळणीच्या अर्थाने घ्यावा, अशी अपेक्षा आहे.

या टेहळणीचे लक्ष्य आहेत लसीने टाळता येणारे आजार, म्हणजे ज्यांच्यावर प्रभावी लस उपलब्ध आहे आणि सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमातून ती बालकांना दिली जाते, असे पोलिओ, गोवर, रुबेला, घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांसारखे आजार. लस असताना नजर कशासाठी ठेवायची, असा प्रश्न सुशिक्षित माणसेही विचारतात आणि तो रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की लसीकरणाचे आकडे किती कुप्या उघडल्या आणि किती बाळांच्या नावापुढे खूण झाली एवढेच सांगतात, तर त्या खुणेमागे खरे संरक्षण तयार झाले की नाही हे रोगच सांगतो. शिवाय लस जसजशी यशस्वी होत जाते तसतसा आजार दुर्मीळ होतो, तो ओळखणारे डॉक्टर निवृत्त होतात, त्याची धास्ती असलेली पिढी जाते, आणि ज्या काळात रुग्ण सर्वांत कमी असतात त्याच काळात एकही रुग्ण नजरेतून सुटू न देण्याची गरज सर्वाधिक असते.

रोगावर नजर ठेवणे म्हणजे रोग्यावर नजर ठेवणे नव्हे, हा भेद महाराष्ट्राने फार कडू अनुभवातून शिकला आहे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँड यांच्या अंमलात गोरे सैनिक घरोघर शिरून रोगी शोधत, सामान बाहेर काढत आणि माणसे विलगीकरणाच्या छावणीत नेत. त्यातून निर्माण झालेल्या संतापाचा शेवट त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर झालेल्या गोळीबारात कसा झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. इतिहासाच्या पुस्तकात ही घटना स्वातंत्र्यलढ्याच्या प्रकरणात येते आणि ते योग्यच आहे, परंतु आरोग्यसेवेच्या अंगाने तिच्यात आणखी एक धडा आहे : दंडुक्याने शोधलेला रोग लपतो. घरातल्या माणसाला ताप आला हे सांगितले तर घर उघडे पडेल, अशी भीती ज्या व्यवस्थेत असते तिथे सर्वेक्षण होऊ शकत नाही. पुढे अमेरिकेतील साथरोगतज्ज्ञ अलेक्झांडर लँगम्यूर यांनी १९६३ साली सर्वेक्षणाची जी आधुनिक व्याख्या मांडली, तीत व्यक्तीऐवजी रोग हा नजरेचा विषय केला आणि माहिती गोळा करणे, तिचा अर्थ लावणे व ज्यांना ती हवी त्यांच्यापर्यंत ती पोहोचवणे असे तिचे तीन भाग केले. यांपैकी तिसरा भाग आपल्याकडे नेहमीच लंगडा राहिला आहे. माहिती खालून वर जाते. वरून खाली क्वचितच परतते.

देवीच्या निर्मूलनाने ही व्याख्या भारतात प्रत्यक्ष वापरून दाखवली. मुंबईत १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला देशातील पहिली यशस्वी लस टोचली गेली, तेव्हापासून पावणेदोनशे वर्षे सरसकट लस टोचणे चालू होते. तरी देवी हटली ती सर्वांना टोचून नव्हे, तर प्रत्येक रुग्ण शोधून आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचून. १९७३ नंतर हजारो कर्मचारी देवीग्रस्त मुलाचे चित्र असलेले कार्ड हातात घेऊन बाजारात, शाळेत आणि घरोघर ‘असे कोणी पाहिले का’ एवढेच विचारत फिरले. भारतातील शेवटचा रुग्ण मे १९७५ मधला आहे. तो सापडल्यावरही दोन वर्षे शोध चालूच राहिला, आणि मगच देश देवीमुक्त असल्याचे मान्य झाले. न सापडणे हाही पुरावा ठरू शकतो, पण शोधणाऱ्याची वही तपासून पाहिल्यानंतरच, ही गोष्ट तेव्हा प्रथम प्रस्थापित झाली.

पोलिओच्या बाबतीत हाच विचार अधिक काटेकोर करावा लागला, कारण देवी चेहऱ्यावर उमटते आणि पोलिओ बहुधा दिसतच नाही. विषाणूचा संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे मुलांमध्ये एखाद्यालाच लुळेपणा येतो. उरलेल्यांना किरकोळ ताप येतो किंवा काहीच होत नाही, पण त्यांच्या शौचातून विषाणू बाहेर पडत राहतो. म्हणजे एक लुळे पडलेले मूल सापडले तर त्याच्यामागे दोनशे न दिसलेले संसर्ग आहेत असे समजावे लागते, आणि ते एक मूलही हुकले तर काहीच घडले नाही असे वाटत राहते. म्हणून केंद्र शासन व जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९७ मध्ये राष्ट्रीय पोलिओ सर्वेक्षण प्रकल्प सुरू केला तेव्हा पोलिओ शोधायचाच नाही, असे वरवर विचित्र वाटणारे धोरण ठरले. शोधायचा तो ‘तीव्र शिथिल पक्षाघात’, म्हणजे पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाच्या हातापायात अचानक आलेला, स्नायू सैल पडणारा लुळेपणा, मग त्याचे कारण काहीही असो. चुकीच्या जागी दिलेल्या इंजेक्शनने पायाची नस दुखावली गेल्याने आलेला लुळेपणा त्यात येतो, मज्जारज्जूचा दाह येतो, आणि २०२५ च्या आरंभी पुण्याच्या सिंहगड रस्ता व आसपासच्या परिसरात दोनशेहून अधिक रुग्ण आढळल्याने घरोघर माहीत झालेला गुइलेन-बॅरे सिंड्रोम हा तर मुलांमधील अशा लुळेपणाच्या मुख्य कारणांपैकी एक आहे. डॉक्टरने निदान करून पोलिओ नाही असे ठरवायचे आणि मग कळवायचे नाही, ही पद्धत या व्यवस्थेला मान्य नाही; लुळेपणा कळवायचा, निदान प्रयोगशाळेने करायचे. ज्येष्ठ बालरोगतज्ज्ञांना हे सुरुवातीला अपमानास्पद वाटले असेल तर त्यात नवल नाही, परंतु ज्या रोगाची लक्षणे इतर पाच रोगांसारखी असतात तिथे अनुभवी डोळ्याची चूकही महाग पडते.

असे मूल कळले की ४८ तासांच्या आत त्याची तपासणी व्हावी लागते, आणि लुळेपणा सुरू झाल्यापासून १४ दिवसांच्या आत, किमान २४ तासांच्या अंतराने, शौचाचे दोन नमुने घ्यावे लागतात. प्रत्येक नमुना सुमारे ८ ग्रॅमचा, प्रशिक्षणात सांगतात त्याप्रमाणे अंगठ्याच्या पेराएवढा. लस कारखान्यातून बाळापर्यंत थंड ठेवत आणतात तिला शीतसाखळी म्हणतात. इथे नमुना बाळापासून प्रयोगशाळेपर्यंत तसाच थंड न्यायचा असल्याने हिला उलटी शीतसाखळी म्हणतात. मराठवाड्यातले नमुने ज्या प्रयोगशाळेच्या भरवशावर राहिले ती मुंबईतील परळची आंत्रविषाणू प्रयोगशाळा, म्हणजे आजचा राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा मुंबई विभाग. डबा उघडताना त्यात बर्फ शिल्लक आहे का, बाटली गळली आहे का, नमुना वाळला आहे का, हे तिथे प्रथम पाहिले जाते, आणि यांपैकी काही बिघडले असेल तर छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील सोयगावच्या आरोग्य सेवकाने दोन दिवस त्या घरी घातलेल्या खेपा वाया जातात. नमुने अपुरे ठरले तर ६० दिवसांनंतर मुलाला पुन्हा तपासून लुळेपणा उरला आहे का ते पाहावे लागते, आणि अखेरचा निर्णय तज्ज्ञ समितीकडे जातो. हे सारे ऐकायला साधे आहे. आजारी मुलाच्या आईकडे दोन दिवस शौच मागणे, आणि तेही पोलिओचे नाव काढून तिला घाबरवल्याशिवाय, हे काम ज्यांनी केले नाही त्यांनाच ते साधे वाटेल.

या साऱ्या यंत्रणेचा कस लावणारे जे परिमाण आहे त्यावर थोडे थांबणे आवश्यक आहे, कारण संपूर्ण विषयाचे मर्म त्यात आहे. ज्या रोगाचा एकही रुग्ण नाही त्याचे सर्वेक्षण नीट चालले आहे, हे कशावरून ठरवायचे? पोलिओच्या बाबतीत उत्तर असे निघाले की पोलिओ नसलेला लुळेपणा प्रत्येक समाजात काही प्रमाणात असतोच, आणि तो जर ठरावीक प्रमाणात सापडत असेल तर पोलिओ आला असता तर तोही सापडला असता. भारताने हे किमान प्रमाण पंधरा वर्षांखालील दर एक लाख मुलांमागे वर्षाला २ असे धरले. जगाचे किमान प्रमाण १ होते. उदाहरणादाखल छत्रपती संभाजीनगर जिल्हा घेऊ : त्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ३७ लाख होती. त्यातील पंधरा वर्षांखालील मुले ढोबळमानाने अकरा लाख धरली तर या जिल्ह्यात वर्षाला किमान २२ लुळी पडलेली मुले कळायलाच हवीत. ती कळली नाहीत तर जिल्हा निरोगी आहे असा निष्कर्ष निघत नाही. जिल्ह्यात कोणी पाहत नाही, असा निघतो. नऊ तालुक्यांपैकी एखाद्या तालुक्यातून वर्षभरात एकही असे मूल कळले नसेल, तर त्या तालुक्याच्या अधिकाऱ्याचे अभिनंदन करायचे की त्याला प्रश्न विचारायचा, यावरून वरिष्ठाला सर्वेक्षण कळले आहे की नाही ते कळते.

इथेच ‘निरंक’ या शब्दाचा प्रश्न उभा राहतो. मराठी कचेऱ्यांत ज्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नसते तिथे ‘निरंक’ लिहिण्याचा प्रघात आहे, आणि साप्ताहिक आजार अहवालातही तोच शब्द वर्षानुवर्षे लिहिला जातो. सर्वेक्षणाच्या शास्त्रात याला शून्य अहवाल म्हणतात : रुग्ण नसला तरी अहवाल पाठवलाच पाहिजे, असा त्याचा नियम. पण शून्य हा आकडा आहे, तो मोजल्यानंतर हाती येतो. निरंक म्हणजे शब्दशः आकडाच नसणे. एखाद्या आठवड्यात वैद्यकीय अधिकाऱ्याने बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही चाळली, वॉर्डात फेरी मारली, दोन खासगी दवाखान्यांत विचारले आणि काही आढळले नाही म्हणून शून्य लिहिले. आणि दुसऱ्या एखाद्या ठिकाणी लिपिकाने सोमवारी सकाळी मागच्या आठवड्याचा कागद समोर ठेवून निरंक लिहिले. कागदावर दोन्ही सारखे दिसतात. संगणकावर तर अधिकच सारखे दिसतात, कारण एकात्मिक आरोग्य माहिती व्यासपीठ हे २०२१ पासून वापरात आलेले संगणकीय माध्यम भरलेला रकाना आणि पाहिलेला वॉर्ड यांत फरक करू शकत नाही. आरोग्यसेविकेने संशयित रुग्णाचा, डॉक्टरने संभाव्य निदानाचा आणि प्रयोगशाळेने खात्री झालेल्या निदानाचा असे तीन निरनिराळे अहवाल द्यावेत, ही एकात्मिक कार्यक्रमाची २००४ पासूनची रचना सुज्ञ आहे, परंतु तिचे यशही शेवटी याच एका भेदावर अवलंबून आहे.

म्हणूनच कागदाच्या जोडीला सक्रिय शोधाची तरतूद करावी लागली, म्हणजे अहवाल येण्याची वाट न पाहता सर्वेक्षण वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतः रुग्णालयात जाऊन नोंदवह्या पाहायच्या. छत्रपती संभाजीनगरात या कामाला एक खास गुंतागुंत आहे. १९५६ मध्ये स्थापन झालेले आणि सारा मराठवाडा ‘घाटी’ या नावाने ओळखतो ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, आणि त्याच्या आसपास वाढलेली खासगी बालरुग्णालये, यांमुळे हे शहर जालना, बीड, परभणी, हिंगोली आणि विदर्भातील बुलढाण्यापर्यंतच्या गंभीर आजारी मुलांचे शेवटचे आशास्थान झाले आहे. घाटीच्या बालरोग वॉर्डात दाखल असलेले लुळेपणाचे मूल अंबडचे असू शकते, मेहकरचे असू शकते. ते सापडते इथे, पण त्याची मोजदाद त्याच्या जिल्ह्यात होते, आणि लस न मिळालेली त्याच्या वस्तीतली इतर मुले शोधायची तीही तिथेच. त्यासाठी प्रत्येक मुलाला देश, राज्य, जिल्हा, वर्ष आणि अनुक्रम दर्शवणारा एक क्रमांक मिळतो आणि एका जिल्ह्याने दुसऱ्याला तातडीने कळवायचे असते. या शहरातील वॉर्ड नीट पाहिले गेले नाहीत तर पाच जिल्ह्यांचे अहवाल निरंक येतील, ही गोष्ट नकाशावर दिसत नाही म्हणून ती इथे ठळकपणे नोंदवली आहे. (जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये बदलले, जुन्या नोंदवह्यांत ते औरंगाबाद असेच आहे, आणि वीस वर्षांची रुग्णसंख्या जुळवू पाहणाऱ्या अभ्यासकाने दोन्ही नावे शोधावीत.)

भारतातील जंगली पोलिओ विषाणूचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला. त्याआधीच्या वर्षात देशभर ४२ रुग्ण होते आणि त्यांपैकी ५ महाराष्ट्रातले होते, हे आता पुष्कळांच्या विस्मरणात गेले आहे. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जात होते, आणि त्या सांडपाण्यात जंगली विषाणू शेवटचा दिसला तो नोव्हेंबर २०१० मध्ये; रुग्ण नसतानाही विषाणू वाहत असतो, हे गटारांनी दाखवून दिले. २७ मार्च २०१४ रोजी दक्षिण-पूर्व आशिया पोलिओमुक्त घोषित झाल्यावर हे काम आता कशाला, असा सूर निघणे स्वाभाविक होते. परंतु २०२२ मध्ये अमेरिकेतील न्यूयॉर्कजवळ लस न घेतलेल्या एका तरुणाला आणि २०२४ मध्ये मेघालयातील पश्चिम गारो हिल्स जिल्ह्यात एका बालकाला लसजन्य विषाणूमुळे, म्हणजे तोंडावाटे दिल्या जाणाऱ्या लसीतील दुर्बल विषाणू पुन्हा प्रबळ झाल्यामुळे, पोलिओ झाला, तेव्हा लुळेपणा कळवण्याची सवय ज्यांनी मोडू दिली नव्हती तेच योग्य ठरले.

पोलिओसाठी उभी राहिलेली ही माणसे, वाहने, नोंदवह्या आणि ओळखी यांचा सर्वांत मोठा उपयोग आज गोवरासाठी होतो. गोवराबद्दल मराठी समाजात एक विचित्र सलोखा आहे. ‘गोवर निघाला’ असे म्हणतात, जणू तो आतच होता आणि एकदा बाहेर पडलेला बरा. कडुनिंबाचा पाला बांधतात, घरात फोडणी देत नाहीत, आणि अंगावर नीट उठू द्यावा, दडपू नये, या समजुतीने डॉक्टरकडे नेत नाहीत. या समजुतींची थट्टा करणे सोपे आहे, पण सर्वेक्षणाच्या दृष्टीने त्यांचा परिणाम एवढाच की रुग्ण रुग्णालयाच्या नोंदवहीत येत नाही, आणि म्हणून तो आशा कार्यकर्तीच्या, अंगणवाडी सेविकेच्या, किंवा ज्याच्याकडे मूल दृष्ट काढायला नेले त्याच्या तोंडूनच कळू शकतो. अशा माणसांनाही माहितीदार म्हणून यादीत घेण्याचा शहाणपणा पोलिओच्या काळातच आला. पुढे व्याख्याही मुद्दाम सैल केली गेली : पूर्वी ताप आणि पुरळ यांबरोबर खोकला, सर्दी किंवा लाल डोळे यांपैकी एखादे लक्षण लागत असे, आता ताप आणि पुरळ एवढेच पुरे, रक्ताचा नमुना घ्यायचा आणि गोवर व रुबेला यांच्या प्रतिपिंडांसाठी तपासायचा. इथेही कस तोच उलटा : दर लाख लोकसंख्येमागे किमान दोन असे रुग्ण सापडले पाहिजेत की ज्यांना गोवरही नाही आणि रुबेलाही नाही. या जिल्ह्यासाठी तो आकडा वर्षाला सत्तरच्या वर जातो.

गोवराचा एक रुग्ण लस न घेतलेल्या समाजात सरासरी बारा ते अठरा जणांना रोग देतो, आणि म्हणून तो रोखायला ९५ टक्के मुले संरक्षित असावी लागतात. लसीचा पहिला डोस नऊ महिन्यांचे बाळ झाल्यावर देतात. त्या वयात शंभरांतल्या सुमारे ८५ बाळांनाच त्याने संरक्षण मिळते, कारण आईकडून आलेली प्रतिपिंडे काही बाळांत अजून शिल्लक असतात. समजा एखाद्या गावात शंभरापैकी ९० बाळांना डोस मिळाला, आणि अहवालात तो मोठ्या अभिमानाने ९० टक्के म्हणून गेला, तरी खरी संरक्षित बाळे ७६ किंवा ७७. उरलेली दरवर्षी साठत जातात, आणि सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयातला दुसरा डोस त्यांनाही चुकला तर चार वर्षांत एका संपूर्ण वर्षाची बाळे उघडी पडतात. साथ अचानक येते असे वर्तमानपत्रे लिहितात. वास्तविक ती चार वर्षे हप्त्याहप्त्याने येत असते, आणि लसीकरणाच्या टक्केवारीकडे पाहणाऱ्याला ती दिसत नाही.

राज्यात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी सुरू झालेल्या गोवर-रुबेला मोहिमेत नऊ महिने ते पंधरा वर्षांखालील मुलांना शाळाशाळांतून लस दिली गेली. त्यानंतर करोनाच्या दोन वर्षांत नियमित सत्रे विस्कळीत झाली, आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी व मालेगाव येथे गोवराची मोठी साथ उसळली. राज्य शासनाने डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमले. त्या साथीत रुग्णयादीतील वयाच्या रकान्याने एक धोरण बदलले, हे उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखे आहे : ज्या भागात एकूण रुग्णांपैकी दहा टक्क्यांहून अधिक नऊ महिन्यांखालचे होते, तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक जादा डोस देण्याची शिफारस केंद्राने केली. ‘एक वर्षाखालील’ असे मोघम लिहून चालले असते, पण कोणीतरी आईला जन्मतारीख विचारून महिने लिहिले म्हणून ते शक्य झाले.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात अशी उघडी मुले कुठे साठतात, हे सर्वेक्षणाने हळूहळू उलगडलेले कोडे आहे आणि ते पूर्ण सुटले आहे असे म्हणता येणार नाही. बीडइतके नसले तरी या जिल्ह्यातूनही, विशेषतः कन्नड-सोयगावकडच्या तांड्यांतून, दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या टोळ्या उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. फेब्रुवारीत जन्मलेल्या बाळाचे नऊ महिने नेमके नोव्हेंबरात भरतात, म्हणजे आईचा कोयता आणि बाळाची लस यांची वेळ एकच येते. गावच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘बाहेरगावी’ असा शेरा पडतो, कारखान्याच्या तळावरच्या कोपीत ते कोणाच्याच यादीत नसते, आणि गोवराचा जोर नेमका हिवाळ्याच्या शेवटी व उन्हाळ्याच्या आरंभी असतो. दुसरे ठिकाण शहराच्या शिवेवर आहे. वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आजूबाजूची रांजणगाव शेणपुंजी, पंढरपूर यांसारखी गावे वस्तीने शहर आणि कागदाने ग्रामपंचायत आहेत. तिथे खोल्या भाड्याने घेऊन राहणारी कुटुंबे काम बदलले की खोली बदलतात, महानगरपालिकेची हद्द तिथवर पोहोचत नाही, आणि खेड्याच्या लोकसंख्येचे गणित धरून नेमलेली आरोग्यसेविका तिथे पुरी पडत नाही. साथीचे पहिले रुग्ण अशा सांध्यांत सापडतात. दोन कार्यालयांच्या नकाशांच्या कडा जिथे जुळत नाहीत तिथे विषाणूला राहायला जागा मिळते.

रुबेलाची कथा निराळी आहे, कारण हा आजार मुलाला जवळजवळ काहीच करत नाही. करतो तो गर्भाला. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये मोतीबिंदू घेऊन जन्मलेल्या बाळांच्या मातांना गरोदरपणात रुबेला झाला होता, हे दाखवून दिले. त्यामुळे रुबेलाचे खरे सर्वेक्षण पुरळाचे नसून जन्मजात मोतीबिंदू, बहिरेपणा आणि हृदयदोष यांचे असते; देशात त्यासाठी निवडलेल्या मोजक्या रुग्णालयांत पुण्याचे के.ई.एम. रुग्णालय आहे. घटसर्पाच्या बाबतीत घशात दिसणारा करडा पडदा पूर्वी लहान बाळांत आढळे, आता तो शाळकरी आणि मोठ्या मुलांतही दिसतो, याचा अर्थ मूळ डोस पोहोचले पण वर्धक डोस पोहोचले नाहीत. प्रतिजैविक सुरू करण्याआधी घशातला नमुना घेतला गेला तरच हे कळते, आणि बहुधा तो घेतला गेलेला नसतो. नवजात धनुर्वाताचे निर्मूलन भारताने २०१५ मध्ये साधले, परंतु त्याचे बीजाणू मातीत कायम राहणार असल्याने इथे नजर संसर्गाच्या साखळीवर नसून बाळंतपण कोणी, कुठे आणि कशाने नाळ कापून केले यावर असते.

या क्षेत्रातील सर्वांत अवघड अडचण मात्र वैद्यकीय नाही. ज्या व्यवस्थेत रुग्णसंख्या वाढली की खुलासा मागवला जातो, त्या व्यवस्थेत रुग्ण शोधणारा कर्मचारी स्वतःच्याच विरुद्ध पुरावा गोळा करत असतो. आणि जो शोधत नाही त्याचा तालुका आढावा बैठकीत हिरव्या रंगात दिसतो. खासगी डॉक्टरलाही कळवल्यास चौकशीचा ससेमिरा मागे लागेल, रुग्ण बिथरेल, अशी धास्ती असते, आणि ती अगदीच निराधार आहे असे नाही. प्लेगच्या काळातल्या घरझडतीचा धडा इथे नव्या रूपात परत येतो : सांगणाऱ्याला शिक्षा होत असेल तर कोणी सांगणार नाही, मग तो रोगी असो, डॉक्टर असो वा आरोग्यसेविका. प्रस्तुत पुस्तकात तंत्राची, प्रपत्रांची आणि प्रयोगशाळेची माहिती विस्ताराने असली तरी वाचकाने ती या प्रश्नाच्या प्रकाशात वाचावी.

या पुस्तकाच्या वाचकांत वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, आशा कार्यकर्त्या आणि खासगी दवाखाने चालवणारे डॉक्टर असतील, असे गृहीत धरले आहे. त्यांनी पंधरा वर्षांखालील मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडलेला पाहिला, अथवा कोणत्याही वयाच्या माणसाला तापासोबत पुरळ आलेले पाहिले, तर निदानाची खात्री होण्याची वाट न बघता त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्याला किंवा महानगरपालिकेच्या आरोग्य विभागाला कळवावे. आणि आठवड्याच्या शेवटी काहीच आढळले नसेल तर वॉर्डात एक फेरी मारून, नोंदवही उघडून, मगच रकान्यात शून्य लिहावे.